दोन किल्ल्यांची सहल

आम्हा नगरकरांना पाण्याची भीती वाटते ती ते नसते तेव्हा. जिल्ह्याचे नाव कागदोपत्री आता अहिल्यानगर झाले, बोलण्यात अजून नगरच येते. पण नाव कोणतेही घ्या, पाणी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो टँकर, पाटाचे आवर्तन आणि ‘भंडारदरा भरला का?’ ही ऑगस्टमधली रोजची चौकशी. प्रवरेवरचे ते धरण १९२६ साली पूर्ण झाले. तेव्हापासून चार पिढ्या आम्ही पाण्याची वाटच पाहत आलो आहोत. ज्याची वाट पाहायची, त्याच्यापासून जपून राहायचे असते, हे आम्हाला कोणी शिकवलेच नाही.

पोहायला शिकलो तेही विहिरीत. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि थोरल्या भावाने मागून ढकलून द्यायचे, एवढाच काय तो अभ्यासक्रम. विहिरीचे पाणी खोल खरे, पण ते कुठे जात नाही. चार हात मारले की पायरी हाताला लागते. त्यामुळे ‘मला पोहता येते’ असे आमच्याकडचा माणूस छाती पुढे काढून सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ इतकाच असतो की, त्याला थांबलेल्या पाण्यात पोहता येते. वाहते पाणी, ओढणारे पाणी, वाऱ्याबरोबर पळणारे पाणी ही वेगळी प्रकरणे आहेत.

हे सारे आठवायला निमित्त झाले कोजागिरीचे. मागच्या एका कोजागिरीला आमच्या गल्लीतली तीन कुटुंबे आमच्याच गच्चीवर जमली होती. मसाला दुधाचे पेले रिकामे होत होते. तेवढ्यात आमच्या नातवाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. निळ्या पाण्यावर पिवळ्या, निमुळत्या होड्या. एकेका होडीत एक किंवा दोन माणसे. हातात दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे. हीच ती कयाक. उत्तर ध्रुवाकडच्या थंड प्रदेशातल्या शिकाऱ्यांनी कातडी ताणून बनवलेली ही होडी आता प्लॅस्टिकची होऊन कोकणच्या खाड्यांत आली आहे. ‘दिवाळीच्या सुट्टीत आपण सगळे जायचे,’ असे पोरांनी जाहीर केले. दुधाच्या नशेत मोठ्यांनीही माना डोलावल्या. शेजारचे भाऊ म्हणाले, ‘अण्णा, तुम्ही बँकेतले. हिशोब तुमच्याकडे.’

मी ‘बरं’ म्हणालो, पण मनात चर्र झाले. कारण असाच एक हिशोब मी पूर्वी एकदा सांभाळला होता.

बँकेत लागून मला तीनेक वर्षे झाली असतील. शाखेची सहल एका जलाशयावर गेली होती. वर्गणीचे पैसे माझ्या खिशात. होडीवाल्याने भाडे सांगितले, साहेबांनी दोन फेऱ्यांऐवजी एकाच फेरीत सगळ्यांना बसवायचे ठरवले. होडी पाण्यात किती दबली आहे, ते मला काठावरून स्पष्ट दिसत होते. माझ्या ओठांवर शब्द आले होते, ‘साहेब, दोन फेऱ्या करू या.’ पण साहेब हसत होते, सगळेच हसत होते, आणि मी नवा होतो. मी पैसे मोजून दिले. काठापासून फार दूर नसतानाच कोणीतरी फोटोसाठी उभे राहिले आणि होडी कलली. बहुतेकांना छातीभर पाणी होते. त्यांनी ओरडत, एकमेकांना धरत काठ गाठला. आमचा शिपाई मात्र दुसऱ्या बाजूला, खोलात पडला. त्याला बाहेर काढले तेव्हा तो निपचित होता. पोटातले पाणी निघेपर्यंतची ती काही मिनिटे मी आजही मोजू शकतो. तो वाचला. पुढे त्याने पूर्ण नोकरी केली, मुलीच्या लग्नाला मला अगत्याने बोलावले. त्या दिवशी मला दिसले होते आणि मी बोललो नाही, हे मी त्याला कधी सांगितले नाही.

म्हणून वाचकहो, सहलीचा हिशोब म्हणजे डिझेल, जेवण आणि भागिले माणसे, असे मी मानत नाही. माझे म्हणणे अगदी साधे आहे. पाण्यावरच्या सहलीचा निकाल किनाऱ्यावर लागत नाही. तो आठवडाभर आधी घरातल्या सतरंजीवर लागतो. त्या बैठकीत आपण काय घेऊन जायचे याची यादी करतो, पण ‘नाही’ कोण म्हणणार, हे ठरवत नाही. ते आधी ठरवले नसेल, तर किनाऱ्यावर गेल्यावर कोणाच्याच तोंडून ‘नाही’ निघत नाही.

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. तिजोरी उघडायला दोघेही लागतात, बंद ठेवायला मात्र एकटा पुरतो. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नसतो. एकट्या माणसाला घाई होऊ शकते, भीड पडू शकते, म्हणून ती सोय. आमच्या सहलीलाही मी दोन किल्ल्या केल्या. पहिली, तिथल्या प्रशिक्षकाकडे. दुसरी, आमच्यापैकी एकाकडे. दोघांनी ‘हो’ म्हटले तरच होड्या पाण्यात जाणार. एकाने ‘नाही’ म्हटले की त्यावर चर्चा नाही, मतदान नाही, टोमणे नाहीत. दुसरी किल्ली मी आमच्या सूनबाईंना दिली. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि तिला भीड कमी. घरात ही गोष्ट मला कधीकधी जड गेलेली आहे. पण या कामाला असाच माणूस लागतो.

मग आम्ही दिवस ठरवायला पंचांग काढले. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचे, तर लक्ष्मीपूजनाला लागूनच जावे, असा सगळ्यांचा आग्रह. पण लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, समुद्राला उधाण असते. पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि तितक्याच जोराने खाडीच्या तोंडातून आत-बाहेर करते. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती. पाण्याची चढउतार कमी, ओढही कमी. नवख्यांनी जावे ते तेव्हा. आम्ही कार्तिक शुद्ध नवमी धरली.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत माझ्यासारख्या आकडेमोड्याला फार आवडली. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. नवमीची पाऊणपट पावणेसात. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशोब मुंबई-रायगडकडचा. दक्षिणेकडे जावे तशी वेळ थोडी अलीकडे येते आणि खाडीत आत शिरावे तशी थोडी उशिरा. म्हणून घरी पाऊणपट काढावी आणि तिथल्या कोळ्याला विचारून ती पक्की करावी. आणखी एक हिशोब: पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक असे ते ढोबळमानाने उतरते. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी जाते. ओढ असते ती तेव्हा. आमचा बेत असा ठरला की, भरती पूर्ण झाली की निघायचे, ताज्या दमात खाडीत आत जायचे आणि दमलेल्या हातांनी परतताना ओहोटीचे पाणी पाठीशी घ्यायचे. साडेनऊला होड्या काठावर. खाडीच्या तोंडाबाहेर, उघड्या समुद्रात, कोणीही जायचे नाही.

पाण्यानंतर वारा. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री-पहाटे जमिनीकडून जाणारे मतलई वारे आपण शाळेत घोकले. गुण मिळाले आणि विसरलो. सूनबाईंनी त्याचा अर्थ पोरांना नीट समजावून दिला. पहाटेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. तो हलका असला तर चिंता नाही. जोराचा असला, तर गंमत अशी की, किनाऱ्याजवळचे पाणी आरशासारखे दिसते, कारण जमिनीच्या आडोशाने तिथे लाटच उठत नाही. लाट उठते ती पुढे, आपण दूर गेल्यावर. म्हणजे जो वारा सर्वांत धोक्याचा, तोच काठावरून सर्वांत शांत दिसतो.

इथे मला इंग्लंडमधली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचे गाव आहे. २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथच्या एका शाळेची आठ मुले, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक तिथून कयाकमध्ये बसून शेजारच्या चारमथ गावाकडे निघाले. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. निघाल्यावर थोड्याच वेळात शिक्षकांची कयाक उलटू लागली. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला, दुसरा मुलांजवळ राहिला, आणि जमिनीवरून सुटलेल्या वाऱ्याने मुलांचा जथा आत, समुद्रात ओढून नेला. ही मंडळी दुपारपर्यंत परतायची होती. ती आली नाहीत तरी मदतीची हाक वेळेवर गेली नाही. त्या थंड पाण्यात चार मुले गेली. सहल नेणाऱ्या केंद्राच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुलांच्या साहसी सहलींसाठी परवान्याचा कायदा केला. पण माझ्या मनाला लागली ती दुसरीच गोष्ट. आदल्याच वर्षी त्या केंद्रातून बाहेर पडलेल्या दोन प्रशिक्षकांनी सुरक्षिततेबद्दल लेखी इशारा दिला होता. ‘नाही’ म्हणणारे होते. त्यांच्या हाती किल्ली नव्हती.

इंग्लंड कशाला, आपल्याकडे पाहा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनभराहून अधिक विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली, बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेहून जास्त माणसे होती. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने प्रवासी होडी उलटून सहा जण गेले, आणि दोनच दिवसांनी आमच्या अकोले तालुक्यात, सुगावजवळ प्रवरेच्या पात्रात, बुडालेल्याचा शोध घ्यायला आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तीन जवानांनाच त्या पाण्याने ओढून नेले. ज्यांचे कामच पाण्यातून माणसे काढणे, त्यांची ही गत. तिथे विहिरीत पोहलेल्यांनी छाती किती काढावी?

‘इतका विचार केला, तर माणसाने घराबाहेरच पडू नये,’ असे भाऊंचे म्हणणे. मी म्हणालो, ‘उलट, पडावे म्हणून तर हा विचार.’ कौस्तुभ खाडे हा मुंबईचा तरुण २०१५ मध्ये मुंबईहून गोव्यापर्यंत कयाकने एकटा गेला. पुढे द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंतचा सारा पश्चिम किनारा त्याने वल्हवला. हे धाडस मोठेच. पण ते एकट्याचे आणि सरावाचे आहे. चमूचे गणित वेगळे असते. चमूचा वेग म्हणजे त्यातल्या सर्वांत हळू माणसाचा वेग आणि चमूचे धैर्य म्हणजे, दुर्दैवाने, त्यातल्या सर्वांत उतावीळ माणसाचे धैर्य.

बाकीची तयारी मी वहीत उतरवली. तीच इथे सांगतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण केले, त्यानुसार व्यावसायिकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तो कागद आगाऊ रक्कम पाठवण्याआधी मागावा. मागताना संकोच कसला? कर्जदाराकडे आम्ही सात-बारा मागतच होतो. प्रत्येकाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट आहे का, हे विचारावे. जाकीट घालून पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने ते खांद्यांशी धरून वर ओढावे. ते कानांपर्यंत सरकले, तर ते जाकीट त्या अंगाचे नाही. पोहता येते म्हणून कोणालाही सूट नाही. निघण्यापूर्वी कमरेएवढ्या पाण्यात प्रत्येकाने एकदा मुद्दाम कयाक उलटवावी आणि पुन्हा चढून बसावे. ज्याला चढता येत नाही, त्याने प्रशिक्षकाबरोबर दोघांच्या कयाकमध्ये बसावे. सर्वांत पुढे एक प्रशिक्षक, सर्वांत मागे दुसरा, मधले सगळे हाकेच्या अंतरात. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ऊन पाण्यावर दुप्पट लागते; टोपी, लांब बाह्यांचा सदरा आणि माणशी लिटरभर पाणी होडीतच बांधून घ्यावे. आदल्या रात्री आणि त्या सकाळी दारूचा थेंब नाही.

हवामानाबद्दल एक गैरसमज आहे. नारळी पौर्णिमा झाली, पाऊस ओसरला, की समुद्र निवला असे आपण धरतो. पण पावसाळ्यानंतर अरबी समुद्रात चक्रीवादळांचा दुसरा हंगाम असतो. ‘फयान’ कोकणावर आले ते ११ नोव्हेंबर २००९ ला, ऐन थंडीच्या तोंडावर. तेव्हा हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्र-माहिती केंद्राचा अंदाज आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे पाहावा. दुपारी ढग गडगडू लागले, की वीज आलीच असे समजून पाण्यातून बाहेर यावे.

शेवटचे आणि लाइम रेजिसने शिकवलेले: एक माणूस काठावर. त्याच्याकडे कोण कोण गेले याची यादी, परतायची वेळ आणि फोन. हे काम वयाच्या मानाने माझ्याकडे आले. साडेनऊची वेळ, दहापर्यंत वाट आणि दहा वाजता फोन, ‘थोडे थांबून पाहू’ हे वाक्य वर्ज्य. तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि सर्वसाधारण मदतीचा ११२, हे आकडे मी तळहाताएवढ्या कागदावर लिहून खिशात ठेवले.

एक गोष्ट मात्र नगरकरांनी विसरू नये. आपल्यासाठी समुद्राची सहल एका दिवसाची होत नाही. रात्रभर गाडी हाकून, पहाटे घाट उतरून, तांबारलेल्या डोळ्यांनी पाण्यात शिरणे म्हणजे दोन धोके एकावर एक रचणे. आम्ही आदल्या दिवशी उजेडात ताम्हिणी उतरलो, रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी मुक्काम केला आणि नऊ वाजता झोपलो.

नवमीची सकाळ उजाडली. नऊ जण जाकिटे घालून तयार, मी आणि आमच्या सौ. काठावर. पाणी आरशासारखे. ठरलेल्या दोन प्रशिक्षकांपैकी एकच आला होता, दुसऱ्याला ताप. आलेला म्हणाला, ‘काही नाही, मी नेतो सगळ्यांना. पाणी बघा किती छान आहे.’ पोरांनी टाळ्या पिटल्या. भाऊंनी वल्हे उचललेसुद्धा.

सूनबाई पाण्याकडे पाहतच नव्हती. ती मागच्या माडांकडे पाहत होती. झावळ्या समुद्राच्या दिशेने पिंजारल्या होत्या आणि तशाच राहत होत्या. ती म्हणाली, ‘आज नाही. वारा जमिनीवरून आहे आणि माणूस एक कमी आहे.’

मग जे व्हायचे ते झाले. नातू म्हणाला, ‘आई, आपण एवढ्या लांबून आलोय!’ भाऊ माझ्याकडे पाहू लागले. मी मोठा, मी काहीतरी बोलेन म्हणून. खरे सांगतो, माझ्या जिभेवरही ‘जरा काठाकाठाने’ असे शब्द आले होते. इतकी वर्षे गेली, तरी भीड तशीच. पण किल्ली तिच्याकडे होती. मी पाकिटातून ठरलेली रक्कम काढून प्रशिक्षकाला दिली आणि म्हणालो, ‘उद्या जमेल का?’ त्याने जाकिटे गोळा केली. जाताना हळूच म्हणाला की, गिऱ्हाईक लांबून आले की त्याला नाही म्हणणे आम्हाला जड जाते. तुमच्यातल्याच कोणी म्हटले तर बरे पडते.

दिवसभर नातू कोणाशी बोलला नाही. दुपारी तांदळाच्या भाकरीचा दुसरा घासही त्याने फुगूनच घेतला. दहा वाजता वारा पडला की वाढला, हे मी पाहायला गेलो नाही. पाहून काय करायचे? न झालेल्या अपघाताची पावती मिळत नसते. आपण शहाणपण केले की उगाच घाबरलो, हे अशा वेळी कधीच कळत नाही आणि ते न कळताच ‘नाही’ म्हणायचे असते. त्या किल्लीचे सगळे ओझे तेच.

दुसऱ्या दिवशी दशमी. पाऊणपट साडेसात. दोन्ही प्रशिक्षक हजर, झावळ्या स्तब्ध. सूनबाईंनी मान हलवली आणि पाऊण तास उशिराने नऊच्या नऊ कयाकस्वार खाडीत शिरले. मी यादी हातात धरून वाळूवर बसलो. सव्वादहा ही ठरलेली वेळ. दहा वाजून पाच मिनिटांनी पहिली पिवळी होडी वळणावर दिसली. मी मोजले. एकदा मोजून समाधान होईना, म्हणून पुन्हा मोजले. नऊ.

रोख जुळली की बँकेत आम्ही वहीवर सही करून घरी जात असू. मी यादीखाली सही केली. मग त्या जुन्या शिपायाला फोन लावला. तो आता सत्तरीला आला आहे. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी त्याला ती होडीची गोष्ट सांगितली, मला काय दिसले होते आणि मी का बोललो नाही, सगळी. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘साहेब, मलाही दिसत होतं. पण मी शिपाई होतो.’